पहिलं पाणी, दुसरं पाणी

मनोऱ्याला बासष्ट मजले होते आणि त्यातल्या प्रत्येक मजल्याला स्वतःचं भारी कौतुक होतं. खाली दुकानं, दुकानांवर कचेऱ्या, कचेऱ्यांवर हॉटेल, हॉटेलवर घरं आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक जंगल. जंगल म्हणजे कुंड्यांतली एकशे चाळीस झाडं, वाऱ्याने उडून खालच्या माणसांच्या टाळक्यात पडू नयेत म्हणून तारांनी जखडलेली. ही इमारत पृथ्वी वाचवण्यासाठी बांधली आहे, असं दारातच कोरलं होतं. आत शिरलं की भिंतभर पडदा: आज किती वीज वाचली, किती पाणी वाचलं, किती झाडांना जीवदान मिळालं. ते आकडे कमी होताना कधी कोणी पाहिले नाहीत. लिफ्टमधून उतरताना एक गोड आवाजाची बाई 'धन्यवाद' म्हणायची. आपण आलो म्हणून की एकदाचे उतरलो म्हणून, ते कळायचं नाही. खिडकी एकही उघडत नव्हती. मोकळी हवा यंत्रातून यायची आणि तिचाही आकडा पडद्यावर होता.

या सगळ्या थाटामाटाच्या मागे, भिंतींच्या पोटातून जे पाणी खालीवर फिरत होतं, ते फिरवलं होतं खाचेवाल्या मिस्त्रींनी. पडद्यावर त्यांचं नाव नव्हतं, आणि आपलंही काही अडलेलं नाही त्यांच्या नावावाचून. सगळे त्यांना खाचेवालेच म्हणत.

मनोऱ्याची सगळ्यात मोठी शेखी म्हणजे तिथे दोन पाणी होती. पहिलं पाणी प्यायचं, आंघोळीचं, स्वयंपाकाचं. दुसरं पाणी म्हणजे तेच पाणी लोकांच्या अंगावरून आणि भांड्यांवरून जाऊन आल्यावर. ते तळघरात गाळून, ढवळून, औषध टाकून पुन्हा वर चढवायचं आणि संडासात नि झाडांना वापरायचं. कल्पना वाईट नव्हती. वाईट एवढंच होतं की दोन्ही पाण्यांचे पाइप सारख्याच जाडीचे, सारख्याच प्लास्टिकचे, एकाच कारखान्यातून आलेले होते. फरक फक्त रंगाचा. पहिल्या पाण्याचे निळे, दुसऱ्याचे जांभळे.

आणि खाचेवाल्यांना निळं आणि जांभळं एकसारखंच दिसत असे.

हे ओळखीच्यांत फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. एक त्यांचे मामा, ज्यांनी त्यांना नळकाम शिकवलं आणि जे केव्हाच वारले होते. दुसरी त्यांची बायको. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तिने निळी लोकर आणायला सांगितली आणि हे गृहस्थ जांभळी घेऊन आले. ती हसली. परत पाठवलं. परत जांभळीच घेऊन आले, वर दुकानदाराशी भांडूनही आले. तेव्हा ती हसायची थांबली. तिने त्या लोकरीचा त्यांनाच स्वेटर केला आणि या विषयावर पुढे चकार शब्द काढला नाही.

विशीत असताना ते पाणीखात्यात नोकरी मागायला गेले होते. लेखी परीक्षा झाली, हाताचं काम झालं, सगळ्यांत पहिले आले. मग डॉक्टरने ठिपक्याठिपक्यांची चित्रं असलेली एक वही पुढे धरली आणि विचारलं, आकडा कुठला? खाचेवाल्यांना ठिपकेच दिसले. घरी येऊन त्यांनी सांगितलं की जागाच भरलेल्या होत्या. तेव्हापासून ते हे गुपित असं जपत होते की चोरानेही चोरीचा माल इतका जपू नये. मामा म्हणाले, "रंगाकडे बघायचंच कशाला? हात लाव, ठोकून बघ, खूण कर." तेव्हाचे पाइप लोखंडाचे, त्यांना रंगच नसायचा. तेव्हापासून मिस्त्री कानशीने प्रत्येक पाइपाच्या टोकाला खाच पाडत. प्यायच्या पाण्याला एक, बाकीच्याला दोन. लोकांना वाटे, काय तरी काटेकोर माणूस! इतर मिस्त्री आपल्या पोरांना त्यांचा दाखला देत. खोटं बोलणं काटेकोरपणासारखं दिसू लागलं की माणूस ते आयुष्यभर सुखाने करू शकतो, हे खाचेवाल्यांनी दाखवून दिलं.

मनोऱ्यातही तेच केलं. भांडारातला कारकून "हे घ्या निळे, हे घ्या जांभळे" म्हणून पाइप हातात देई, ते मोजायच्या आधी खाच पाडत. पाइप वर नेण्यासाठी भिंतींच्या मध्ये उभे बोगदे होते, त्यांना डक्ट म्हणायचं. प्रत्येक डक्टमध्ये दोन उभे पाइप, आणि दर मजल्याला त्या दोघांची हातभर टोकं भिंतीबाहेर काढून ठेवायची, पुढच्या जोडणीसाठी. एका टोकावर एक खाच, दुसऱ्यावर दोन. एकसष्ट मजल्यांवर काही चुकलं नाही.

चुकलं ते सहाव्यावर, आणि त्यात पहिला वाटा पृथ्वी वाचवण्याचाच होता.

मनोऱ्यात एक साहेब होते. त्यांच्या हुद्द्यात 'शाश्वतता' हा शब्द दोनदा येत असे आणि कामगारांची जीभ पहिल्यातच अडकत असे, म्हणून सगळे त्यांना हिरवे साहेब म्हणत. हे साहेब आधी सिगारेटच्या कंपनीत होते. तिथेही लोकांच्या फुप्फुसांची काळजी वाहण्याचंच काम त्यांच्याकडे होतं. मनोऱ्याला सगळ्यात वरच्या दर्जाचं, प्लॅटिनमचं प्रमाणपत्र मिळवणं हे त्यांच्या आयुष्याचं ध्येय होतं, आणि प्रमाणपत्राला गुण लागत. बांधकामातलं किती किलो प्लास्टिक पुनर्वापराला पाठवलं, यालाही गुण होते. किलो कमी भरत होते. मग साहेबांनी दोन माणसांना करवत देऊन मजल्यामजल्यावर पाठवलं: जिथे जिथे जोडणी बाकी आहे तिथली पाइपांची लांब टोकं छाटा आणि पोत्यात भरा. नवेकोरे पाइप कापून भंगार वाढवायचं आणि भंगार वाढलं म्हणून पाठ थोपटून घ्यायची, हे डोकं साध्या माणसाचं असूच शकत नाही. त्या छाटणीत सहाव्या मजल्यावरच्या खाचा पोत्यात गेल्या.

सहाव्यावर आधी व्यायामशाळा व्हायची होती. मग कोणीतरी साहेबांच्या ध्यानात आणून दिलं की इमारतीत काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघर काढलं तर चार गुण जास्त मिळतात. लगेच व्यायामाची यंत्रं उचलली आणि चार दिवसांत पाळणाघर उघडायचा हुकूम सुटला. खाचेवाले जोडणीला गेले तर भिंतीतून दोन बुटकी टोकं बाहेर डोकावत होती. खाच एकावरही नाही. शेजारी वायरमन दिवे लावत होता. "अरे, यातलं जांभळं कुठलं?" एवढंच विचारायचं होतं. चार शब्द. खाचेवाल्यांनी टोकं चाचपली, ठोकून पाहिली, डोळे बारीक केले, आणि विचारलं नाही. पस्तीस वर्षं काम केलेल्या माणसाने वायरमनला रंग विचारायचा? त्यांनी मनाशी हिशेब केला: प्रत्येक मजल्यावर पहिलं पाणी डावीकडे असतं. म्हणून डावीकडचं टोक पोरांच्या हात धुवायच्या नि प्यायच्या नळांना जोडलं, उजवीकडचं संडासांना, आणि वर ठसक्यात सगळी जोडणी पाण्याचा दाब देऊन तपासली. एक थेंब गळला नाही. दुसऱ्या दिवशी त्या भिंतीवर साहेबांनी जिवंत भिंत बसवून घेतली, म्हणजे चौकटीत लावलेली साडेतीनशे रोपं, फोटोसाठी.

पाळणाघरात पंधरा मुलं यायला लागली. त्यात खाचेवाल्यांची नातही होती, साडेतीन वर्षांची, घरात तिला पिटुकली म्हणत. त्यांची मुलगी तळमजल्यावर साबण-अत्तरांच्या दुकानात कामाला होती. सकाळी पिटुकलीला सहाव्यावर सोडायची, संध्याकाळी न्यायची. आजोबांनी बांधलेल्या इमारतीत नात शिकते याचं खाचेवाल्यांना एवढं अप्रूप, की ते दिवसातून तीनदा काहीतरी निमित्त काढून सहाव्यावर डोकावत.

तिसऱ्या आठवड्यात मुलं आजारी पडू लागली. जुलाब, उलट्या, अंगात कणकण. आज दोन, उद्या चार. पाळणाघराच्या बाईंनी कचेरीला चिठ्ठी लिहिली. कचेरीने उत्तर पाठवलं की हवामान बदलतंय, मुलांना गरम कपडे घालावेत. ज्या इमारतीत खिडकी उघडत नाही तिथे हवामान बदललं तरी शिरणार कुठून, हे विचारायचं बाईंना सुचलं नाही. पिटुकलीचंही पोट बिघडलं.

रविवारी सकाळी खाचेवाले दाढी करत होते. बायको समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "डाव्या गालाला साबण राहिलाय." त्यांनी डावा गाल पुसला. "अहो, डाव्या!" त्यांनी पुन्हा डावाच पुसला. ती चिडली, "माझ्या डाव्या! मी इकडून बघतेय ना!"

खाचेवाल्यांचा हात गालावरच थांबला. पाळणाघर डक्टच्या पलीकडच्या बाजूला होतं. एकसष्ट मजल्यांवर ते डक्टच्या एका बाजूने काम करत आले होते आणि सहाव्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, दुसऱ्या बाजूने उभे होते. पलीकडून पाहिलं की डावं उजवं होतं. हे शेंबड्या पोरालाही कळेल.

साबण तसाच ठेवून ते मनोऱ्यात गेले. सुट्टी असल्यामुळे पाळणाघर रिकामं होतं. मिस्त्रीला खात्री करायला रंग लागत नाही. त्यांनी बाहेरच्या कपाटातला सहाव्या मजल्याचा दुसऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला. तो ओळखायला अडचण नव्हती, त्यावर पितळी पाटी होती. मग आत जाऊन मुलांचा नळ सोडला. बेसिन अगदी बुटकं, त्यांच्या गुडघ्याएवढं. नळातून दोन वेळा खरखर आली आणि पाणी बंद पडलं. म्हणजे तीन आठवडे पंधरा पोरं बासष्ट मजल्यांची आंघोळ पीत होती.

आता ऐका त्यांनी काय केलं. व्हॉल्व्ह त्यांच्या हातात होता. तो तसाच बंद ठेवून, कपाटाची चावी खिशात टाकून घरी गेले असते तरी सोमवारी पाळणाघराला पाणी नाही म्हणून बोंब झाली असती आणि कोणीतरी भिंत उघडायला लावली असती. पण मग विचारलं असतं, जोडणी कोणाची? आणि तुम्हाला रंग दिसला नाही का हो? खाचेवाले त्या व्हॉल्व्हपाशी चांगला अर्धा तास उभे राहिले. मग त्यांनी तो पुन्हा उघडला.

घरी येऊन मुलीला म्हणाले, "पिटुकलीला हा आठवडा घरीच ठेव. आजी सांभाळेल. साथ चालू आहे."

"तिला बरं वाटतंय आता, बाबा."

"ठेव म्हटलं ना. माझं ऐक."

मुलीने ऐकलं. बायकोने मुलीसमोर काही विचारलं नाही. मुलगी गेल्यावर विचारलं, आणि खाचेवाल्यांनी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उद्याच्या उद्या साहेबांना सांगा." बाकीच्या चौदा पोरांनी सोमवारी काय प्यायचं, हा विषय तिनेही काढला नाही. तेवढ्यापुरती तीही त्यांच्यासारखीच.

सोमवारी खाचेवाले हिरव्या साहेबांच्या खोलीत गेले. खोलीत जुन्या जहाजाच्या लाकडाचं टेबल होतं. कुठल्या जहाजाचं, याची गोष्ट साहेब प्रत्येकाला ऐकवत. खाचेवाल्यांनी त्या गोष्टीचं जहाज सुरुवातीलाच बुडवून टाकलं आणि एका दमात सांगितलं की सहाव्यावर पाणी उलटं जोडलं गेलंय. जोडलं गेलंय म्हणाले. मी जोडलं म्हणायला जीभ वळली नाही, आणि डोळ्यांचं तर नाहीच नाही.

साहेबांनी आधी दार लावलं. "किती वेळाचं काम आहे?"

"तासाभराचं. पण ती रोपांची भिंत काढावी लागेल."

"भिंत? मिस्त्री, गुरुवारी प्रमाणपत्राची समिती येतेय! ती भिंत अर्जाच्या पहिल्या पानावर आहे!"

"मग गुरुवारपर्यंत पोरांना बाहेरून बाटलीचं पाणी तरी द्या."

साहेबांचा चेहरा असा झाला की जणू यांनी टेबलावर मेलेला उंदीर ठेवला. "प्लास्टिकची बाटली? या इमारतीत? आपण प्लास्टिकमुक्त आहोत!"

"पोरं आजारी पडतायत, साहेब."

"आपलं दुसरं पाणी तीनदा गाळलेलं असतं. कागदावर ते नदीच्या पाण्यापेक्षा स्वच्छ आहे. शुक्रवारी बघू. आणि हे बघा, यात तुमचंही नाव खराब होईल. मी तुमच्या चांगल्यासाठी सांगतोय."

हे शेवटचं वाक्य साहेबांनी उगाच वाया घालवलं. खाचेवाले आधीच ढिले पडले होते. मी सांगितलं, आता त्यांचं ते बघतील, असं स्वतःला बजावत ते जिन्याने खाली उतरले आणि त्यांना चक्क हलकं वाटलं. सोमवारी चौदा पोरं ते पाणी प्यायली. मंगळवारी बारा, कारण दोघं अंथरुणाला खिळली होती. त्या दोन दिवसांत खाचेवाले सहाव्या मजल्यावर एकदाही डोकावले नाहीत.

बुधवारी दुपारी तळमजल्यावरच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या बाईच्या मुलीला दवाखान्यात भरती केलं. पाळणाघरातलीच चार वर्षांची पोर, अंगातलं पाणी संपलं होतं, डोळे खोल गेले होते. बातमी खाचेवाल्यांच्या मुलीनेच संध्याकाळी आणली आणि म्हणाली, "बरं झालं बाबा, पिटुकलीला पाठवलं नाही." खाचेवाल्यांना जेवण गेलं नाही.

बायकोने ताट उचललं. "लाज तुम्हाला डोळ्यांची वाटते," ती म्हणाली. "पाण्याची नाही वाटत?"

गुरुवारी समिती आली. तीन माणसं: दोन पुरुष, एक बाई. बुटांवर कापडी पिशव्या चढवून, हातात नोंदी करायच्या पाट्या घेऊन. हिरव्या साहेबांनी त्यांना जंगल दाखवलं, पडदा दाखवला, टेबलाच्या जहाजाची गोष्ट सांगितली. मग सहाव्यावर आणलं. इथे एक प्रयोग ठरला होता: दुसरं पाणी बंद करायचं, म्हणजे फक्त संडासांचं पाणी थांबेल आणि मुलांचा नळ चालू राहील. दोन पाणी किती पक्की वेगळी आहेत, ते समितीला डोळ्यांनी दिसावं. साहेबांनी सकाळीच खाचेवाल्यांना बाजूला घेऊन समजावलं होतं: "व्हॉल्व्हला फक्त हात लावायचा. फिरवायचा नाही. संडासांचे कॉक वायरमन आतून बंद करेल. कळलं?" खाचेवाले 'कळलं' म्हणाले होते.

पाळणाघरात नऊ मुलं उरली होती. त्यांना ओळीने बसवलं होतं. समितीतल्या बाई खाली वाकल्या, एका मुलीला म्हणाल्या, "चल, आपण दोघी हात धुऊ या." त्यांनी नळ सोडला, दोघींनी हाताला साबण लावला. साहेबांनी दाराकडे बघून मान हलवली. दाराबाहेर कपाटापाशी खाचेवाले उभे होते. त्यांनी व्हॉल्व्हला हात लावला आणि तो शेवटपर्यंत फिरवला.

नळ खरखरला आणि बंद पडला. समितीच्या बाई साबणाचे हात तसेच धरून उभ्या राहिल्या.

"एअरलॉक," साहेब चटकन म्हणाले. "पाइपात हवा अडकते कधीकधी. दोन मिनिटं."

"एअरलॉक नाही," दारातून खाचेवाले म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढला की एक पोरगं रडायला लागलं. "मी संडासाचं पाणी बंद केलंय आणि पोरांचा नळ बंद पडलाय. उलटं जोडलंय. मी जोडलंय. मला निळं-जांभळं कळत नाही, लहानपणापासून. पोरं हे पाणी पितायत म्हणून आजारी आहेत. ती रोपं काढा, मी तासाभरात सरळ करून देतो, पण रंग सांगायला कोणीतरी शेजारी उभं राहा."

साहेब हसले. असं हसायला शिकवणी लागत असावी. "बघा, हा माणूस स्वतःच म्हणतोय की त्याला दिसत नाही. याच्या सांगण्यावर काय विश्वास ठेवायचा?" समितीच्या बाईंनी स्वतःच्या साबणाच्या हातांकडे पाहिलं, शेजारच्या मुलीच्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, "हात धुवायला पाणी कुठे मिळेल?"

रोपं काढली गेली. खाचेवाल्यांच्या शेजारी तो वायरमनच उभा राहिला आणि "हे निळं, हे जांभळं" असं सांगत गेला. दोनच वाक्यं. पंचावन्न मिनिटं लागली.

पुढचं आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. गल्ल्यावरच्या बाईची मुलगी नवव्या दिवशी बरी होऊन घरी आली. मनोऱ्याला प्लॅटिनम हुकलं, सोनं मिळालं. साहेबांनी लगेच पडद्यावर सोनेरी अक्षरं झळकवली आणि भाषणात सांगितलं की सोन्याची झळाळी वेगळीच असते. नव्या माहितीपत्रात 'त्रुटी शोधण्याची प्रत्यक्ष पद्धत' असा एक फोटोही होता, त्यात बुटकं बेसिन होतं. उलट्या जोडणीची नोंद मात्र कुठेच झाली नाही. चूक झालीच नव्हती, पण ती करणाऱ्याला काढून टाकलं. पत्रात कारण लिहिलं होतं: दृष्टिदोष. ते पत्र लिहिणाऱ्यांची नजर तपासायची तरतूद कुठल्याच खात्यात नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या गुरुवारी संध्याकाळी मुलांच्या आया त्यांना न्यायला आल्या, तेव्हा पाळणाघराच्या बाईंनी दारातच प्रत्येकीला झालेला प्रकार सांगितला. आया आधी कचेरीच्या नावाने कडाडल्या. मग त्यांना कोपऱ्यात हत्यारं आवरणारे खाचेवाले दिसले. पाळणाघराच्या बाई म्हणाल्या, "आज हे बोलले म्हणून कळलं. सगळ्यांदेखत बोलले. स्वतःची चूक अशी कोण कबूल करतं हो?"

आया जवळ आल्या. एकीने पाणी आणून दिलं, पहिलं पाणी. कोणी म्हणालं, नोकरीची पर्वा केली नाही. कोणी म्हणालं, देवमाणूस. गल्ल्यावरची बाईही आली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरने तिला विचारून यायला पाठवलं होतं, की मुलगी पाणी कुठलं पीत होती. तिला उत्तर मिळालं. तिने खाचेवाल्यांचे दोन्ही हात हातात धरले. "तुम्ही नसतात तर कोणाला कळलंच नसतं, काका," ती म्हणाली आणि रडायला लागली. खाचेवाल्यांनी हात सोडवून घेतले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. पस्तीस वर्षं ज्याला घाबरले ते होऊन गेलं होतं आणि लोक हसत नव्हते, उलट हात धरत होते.

तेवढ्यात त्यांची मुलगी दुकानाचा डगला अंगावर तसाच ठेवून वर आली. तिला खालीच बातमी कळली होती. ती दारात थांबली. रंगांचं तिलाही आजच कळत होतं, पण ती त्याबद्दल काही बोलली नाही.

"बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

"मी सोमवारीच साहेबांना सांगितलं होतं," खाचेवाले म्हणाले. "त्यांनीच—"

"सोमवारी सांगितलंत. कळलं कधी?"

आया एकमेकींकडे बघू लागल्या. खाचेवाल्यांनी आजूबाजूला पाहिलं. सांगण्यासारखं बरंच होतं, भिंतीचं, समितीचं, बाटल्यांचं, पण त्यातलं एकही या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"रविवारी," ते म्हणाले.

"रविवारी तुम्ही मला म्हणालात, पिटुकलीला घरी ठेव." मुलीचा आवाज बारीक झाला होता. "साथ आहे म्हणालात. मी ठेवली. आपली तेवढी घरी ठेवलीत, बाबा?"

गल्ल्यावरच्या बाईने त्यांचे हात अजून धरलेलेच होते. तिने ते झटकले नाहीत. हळूच सोडले, आधी एक, मग दुसरा, आणि पदराने डोळे पुसले.

"रविवारी सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर मीपण ठेवली असती घरी."

मग तिने खुंटीवरची मुलीची पिशवी काढून घेतली आणि दवाखान्यात भेटायची वेळ संपत आली होती म्हणून ती निघाली.